बोट उचलल्याची नोंद नाही

१

घरी तिला बारकी म्हणत. चाळिशी उलटली, अंगाने चांगली दारभर झाली, तरी नाव काही मोठं झालं नाही. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर विभागात हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे लोक तिच्या टेबलाशी जाण्याआधी लांबूनच तिचा चेहरा बघून घेत. राग तिच्या नाकावर मुक्कामालाच असे.

गेले चौदा दिवस तर तो पाहुण्यासारखा नव्हे, मालकासारखा बसला होता. चौदा दिवसांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवरचा म्हातारा घड्याळजी गेला. भर दुपारी, अठरा माणसांच्या वॉर्डात, कुणाच्या लक्षातही न येता. त्या दुपारी ड्यूटीवर असलेली नर्स म्हणजे बारकीची सख्खी थोरली बहीण. सव्वीस वर्षं नोकरी झालेली, आता घरी बसवलेली.

प्रत्येक खाटेच्या उशाशी भिंतीवर वहीएवढी स्क्रीन होती. तिच्यावर दोन बटणं. लाल बटण ‘मदत’, ते रोग्याने दाबायचं, की नर्सच्या टेबलावर घंटा वाजते. हिरवं ‘बघितलं’, ते नर्सने खाटेपाशी येऊन, रोग्याला बघून दाबायचं, की घंटा थांबते. घड्याळजीने दोन वाजून छत्तीस मिनिटांनी ‘मदत’ दाबलं होतं. पुढच्या दोन सेकंदांत कुणीतरी ‘बघितलं’ दाबलं. घंटा धड वाजलीसुद्धा नाही.

ताई म्हणत होती, मी त्या स्क्रीनला हात लावला नाही. मी दुसऱ्या टोकाला एकाचं ड्रेसिंग करत होते.

“मग काय मी दाबलं?” बारकी फोनवर म्हणाली होती. “नोंद आहे ताई. मशीनला खोटं बोलून काय बढती मिळणार आहे? तू विसरली असशील.”

ताईने फोन ठेवला. त्यानंतर तिने तो उचललाच नाही. आणि त्या स्क्रीन सहा वर्षांपूर्वी बनवल्या होत्या खुद्द बारकीने.

२

“अहवाल तयार आहे,” सकाळी साहेब म्हणाले. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. गोड बोलून काम करून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. “यंत्रणेत दोष नाही, बटण कर्मचाऱ्याने दाबलं. एवढंच आहे त्यात. स्क्रीन तुमच्या, म्हणून ‘मान्य’ तुम्हीच करायचं. पाच वाजेपर्यंत. उद्या चौकशी समिती बसतेय.”

“कर्मचारी म्हणजे माझी बहीण आहे.”

“म्हणून तर तुमच्या मान्यतेला वजन आहे. बहीण असूनही खरं बोलल्या म्हणतील.”

बारकीला वाटलं, समोरचा पेपरवेट उचलावा आणि ह्या माणसाला वजन म्हणजे काय ते दाखवावं. पण खरी चीड वेगळीच होती. मनातून तिलाही वाटत होतं की अहवाल बरोबर आहे, आणि असं वाटणाऱ्या स्वतःची तिला किळस येत होती.

“आजचा दिवस मला तपासू द्या,” ती म्हणाली. “पाचपर्यंत.”

तपासण्याची तिची युक्ती साधी होती. बोट काचेला लागलं की एक बातमी तयार होते. ती आधी सगळ्यात वरच्या दारातून आत शिरते, मजल्यामजल्याने खाली उतरून बटणापर्यंत पोचते आणि तशीच परत वर येते. वाटेत प्रोग्रामचा एखादा तुकडा ती गिळूनही टाकू शकतो. म्हणून बारकीने पहारा अगदी वरच्या दारावरच बसवला. कुठल्याही बटणाची, कुठल्याही कोपऱ्यातली, कामाची असो की बिनकामाची, एकूणएक बातमी पहिली ह्या पहारेकऱ्याच्या वहीत उतरणार. निवड नाही, गाळणी नाही. दहा वाजता तिने तो वॉर्डांतल्या सगळ्या स्क्रीनवर आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरांवरही लावला. बटणं सगळीकडे त्याच जातीची होती.

वही भरू लागली. बोट लागलं, बोट सरकलं, बोट उचललं. कुणी दिवा लावत होतं, कुणी उगाच काचेवर टकटक करत होतं. साडेदहाला वॉर्डातल्या मावशी फडका घेऊन निघाल्या आणि एकेक स्क्रीन शेकड्याने ओळी ओकू लागली. बारकीने चहा मागवला.

३

अकराच्या सुमाराला तिला एक ओळ खटकली.

काचेला लागलेलं बोट कधीतरी उचललं जातंच. माणूस काही तिथे चिकटून राहत नाही. त्यामुळे प्रत्येक ‘लागलं’ला एक ‘उचललं’ असतं, जोडीने. चार नंबरच्या खाटेवर मात्र एक ‘लागलं’ एकटंच होतं. ‘बघितलं’ बटणावर. त्याआधी बोट सरकत आल्याची नोंद नव्हती. नंतर उचलल्याचीही नव्हती.

मावशींचा ओला फडका, ती स्वतःशी म्हणाली. पाण्याच्या थेंबाला काच बोट समजते, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण शंका एकदा शिरली की पायातल्या काट्यासारखी चालू देत नाही. ती जिना उतरून वॉर्डात गेली.

चार नंबरची खाट रिकामी होती, चादर ताणून बसवलेली. स्क्रीन कोरडी होती. हिरव्या बटणावर अंगठ्याचा पुसट ठसा होता, चांगला जाड. बारकीने खिशातला रुमाल काढून पुसला. ठसा गेला नाही. तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसला. वाफ ठशावरून गेली, ठसा तसाच राहिला.

“तो नाही निघायचा,” मागून मावशी म्हणाल्या. “मी साबण लावून बघितलाय. आतल्या अंगाला आहे तो.”

“आत कसा असेल? काच बंद असते.”

“ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं. मी आपली पुसते.”

काच बसवताना कारखान्यात कुणाचा तरी हात लागला असेल, ती म्हणाली. असं होतं. बारकीने मान डोलावली आणि जिना चढताना लक्षात आलं, की आपण मावशींना नाही, आपल्यालाच समजावत होतो.

४

बिनजोडीची ‘लागलं’ तिने एका खाली एक मांडली. दुपारपर्यंत तीन झाली. तिन्हींची वेळ चुकलेली होती. मागे नव्हे, पुढे. पहिली ओळ वहीत उतरली दहा पन्नासला आणि तिच्यावर वेळ होती अकरा बाराची.

स्क्रीनचं घड्याळ पुढे गेलं असेल. तिने तपासलं. सगळी घड्याळं सेकंदाला सेकंद जुळत होती. मग तिला आठवलं.

सहा वर्षांपूर्वी हीच भानगड झाली होती. नोंदींमध्ये अधूनमधून पुढच्या वेळेच्या ओळी यायच्या. तेव्हा हाताशी वेळ कमी होता, डोक्यावर साहेब होते आणि बारकी नेहमीसारखी वैतागलेली होती. तिने एक नियम लिहून टाकला. वेळ पुढची असेल तर ओळ बाद. आपल्या धंद्यात हे सगळेच करतात. जे समजत नाही त्याला कचरा म्हणायचं आणि कोपऱ्यात ढकलायचं. तिने तो नियम उघडला. वर तिच्याच हातची टीप होती: ‘घड्याळ बिघडलेल्या स्क्रीनचा केर. डोकं लावू नये.’

लावलंच नव्हतं. सहा वर्षं नाही.

केर मात्र कुणी फेकलेला नव्हता. तिने तो उघडला. तीनशे अकरा ओळी. सगळ्या ‘बघितलं’वरच्या, सगळ्यांच्या बोटाची रुंदी एकच, जाड अंगठ्याची. उचलल्याची नोंद एकीचीही नाही. आधी ओळ येई, मग काही मिनिटांनी ती वेळ खरोखर येई. तेव्हा तीच नोंद साळसूदपणे मुख्य वहीत उतरे, ड्यूटीवर असलेल्या नर्सच्या नावावर.

नऊ नंबरची खाट शोधायला तिला फार वेळ लागला नाही. ‘बघितलं’, वेळ दोन छत्तीस. ओळ येऊन पडली होती दोन अकराला. घड्याळजीने मदत मागण्याआधी पंचवीस मिनिटं.

ताईची बोटं काडीसारखी होती. लहानपणी बारकीच्या वेण्या घालताना ती टोचत. हे तिला चौदा दिवसांत एकदाही आठवू नये याचा तिला इतका संताप आला की तिने आपल्याच मांडीवर मूठ हाणली. पंचवीस मिनिटं आधी ओळ आली होती. कुणी वाचली असती तर म्हातारा वाचला असता. वाचायचं नाही असा हुकूम तिनेच देऊन ठेवला होता.

तिने ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

५

चारला पाच कमी असताना बारकीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरची एक ओळ वहीत आली. अहवालाच्या खालचं ‘मान्य’ बटण. वेळ चार वीस. बोट जाड. नाव बारकीचं.

तिने वेळ पुन्हा वाचली. मग पायापासून राग चढत आला. कुणीतरी तिला गृहीत धरलं होतं. विचारलं नव्हतं, दम दिला नव्हता, सरळ तिच्या नावाने मान डोलावून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. तिने लॅपटॉप उचलला, साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलावर आपटला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“माझे हात बघा.” तिने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. “आता चार वीसपर्यंत माझ्याशी गप्पा मारा. हातांवरची नजर हलवू नका.”

तिने सगळं सांगितलं. केर, अंगठा, दोन अकरा. साहेब ऐकत होते तसे ऐकत राहिले, हेकट पोराचं ऐकावं तसे. “घड्याळांचा घोळ असतो हो,” ते म्हणाले. “तुम्ही थकला आहात. चार दिवस रजा घ्या. मान्य करा आणि घ्या.”

“चार एकोणीस,” बारकी म्हणाली. “आता स्क्रीन बघा.”

खोलीत पंख्याचा आवाज होता. टेबलावर तिची दहा बोटं होती, साहेबांची दहा. मग ‘मान्य’ या अक्षरांवर काचेत एक पांढरट गोल उमटला. खिडकीच्या पलीकडून कुणी काचेला अंगठा टेकवला, की त्याचं मांस चपटं होऊन दिसतं, तेवढाच. बटण आत गेलं. अहवाल मान्य झाला.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सावरायला त्यांना तेवढाच वेळ लागला.

“चला,” ते म्हणाले. “झालं एकदाचं.”

“तुम्ही पाहिलंत.”

“तुमच्या कॉम्प्युटरवरून, तुमच्या नावाने मान्य झालं, एवढं पाहिलं.”

“माझे हात इथे होते!”

“हात कुठे होते ते नोंदीत येत नाही ना.” त्यांचा आवाज किंचित कापत होता, पण सूर तोच, गोड. “ऐका माझं. तीनशे अकरा म्हणताय. हे बाहेर गेलं तर हॉस्पिटल बंद होईल. तुमच्या ताईंचं काय, फार तर नोकरी जाईल. वय झालंच आहे.”

त्यांनी लॅपटॉप मिटला. हाताने नाही, टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन, लांबून. ते पाहून बारकीला कळलं की ह्या माणसाला सगळं समजलेलं आहे. आणि तरीही त्याला ते चालणार होतं.

“थू तुमच्या जिंदगीवर,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती साहेबांना असं बोलली आणि ते कमीच पडलं असं तिला वाटलं. तिने लॅपटॉप काखेत मारला. व्हरांड्यात येऊन उघडला तेव्हा वहीत नवी ओळ पडलेली होती. दुसरा मजला, खाट बारा, ‘बघितलं’. वेळ चार बावन्न.

६

बारा नंबरला एक शिंपीणबाई होत्या. पोटाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. बारकी धापा टाकत पोचली तेव्हा चार सदतीस झाले होते आणि बाई उताण्या पडून छताकडे बघत होत्या.

“बरं वाटतंय ना तुम्हाला?” बारकीने विचारलं.

“मला बरं आहे. तुमचंच काही खरं दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “बसा की. आणि तो झगा कुणी शिवलाय? खांद्यात फसलाय.”

ताईच्या जागी आलेली नवी नर्स एकटीच होती. बारकीने तिला गाठून सांगितलं, बारा नंबरकडे बघ, आत्ता. ती येऊन नाडी बघून गेली. सगळं ठीक होतं. पलीकडच्या टोकाला एकाची सुई निघाली होती, ती तिकडे पळाली. वेळेआधी कुणाला काय सांगायचं? बाईंना काही झालेलंच नव्हतं.

चार पन्नासला बारकी स्क्रीनसमोर उभी राहिली. रुमालाची चौपदरी घडी करून तिने हिरव्या बटणावर धरली, म्हणजे तिचा स्वतःचा हात काचेला कळणार नाही, आणि वरून उजवा तळवा दाबला. डाव्या हाताने फोन लावला. लाव, उचलला नाही तर पुन्हा लाव. पाचव्यांदा तो उचलला गेला.

“काय आहे?” ताईचा आवाज.

“ठेवू नकोस ताई. मी वॉर्डात आहे, बारा नंबरपाशी.”

“तू तिथे कशाला कडमडलीस?”

तेवढ्यात बाईंच्या घशातून आवाज आला. त्यांना उलटी झाली होती, उताण्याच होत्या, आणि ती बाहेर येत नव्हती. त्यांचा हात धडपडत लाल बटणावर आपटला. लांब टेबलावर घंटा एकदा टिणकली.

आणि बारकीच्या तळव्याला रुमालाच्या चार पदरांतून पलीकडून अंगठा लागला.

घाईत नव्हता तो. कणीक मऊ आहे का बघावं तसा आधी चाचपला, मग दाबू लागला. घंटा बंद झाली. बारकीने सगळा भार हातावर टाकला. “दाब,” ती दात खाऊन म्हणाली. “किती दाबतोस बघते. माणसं येईपर्यंत सोडते का बघ.” आता कुणीतरी यायला हवं होतं. कुणीही. एका माणसाने इथे तळवा ठेवला असता तर ताई सुटली असती.

“कोणाशी बोलतेस?” ताई फोनमधून ओरडली. “तो घुसमटीचा आवाज कुणाचा?”

“पेशंटचा. उलटी अडकलीय. पण ताई, तो माझ्या हाताखाली आहे, आत्ता, मी सोडला तर...”

“सोड! जे काय आहे ते सोड. बाईला कुशीवर घे. एका हाताने नाही होणार. आणि ओरड, बारके, घंटेच्या भरवशावर राहू नकोस, ओरड!”

बारकीने एकदा हाताखालच्या हिरव्या चौकोनाकडे बघितलं. मग सोडला. फोन खांदा आणि गालात धरून ती खाटेवर झेपावली, बाईंना दोन्ही हातांनी कुशीवर ओढलं आणि वॉर्डाच्या भिंती हादरतील अशी नर्सच्या नावाने बोंब ठोकली. ताई कानात सांगत होती: तोंड खाली, बोटाने साफ कर, पाठीत थाप दे, अजून जोरात, रडतेस काय, थाप दे. पावलं धावत आली. नव्या नर्सने जागा घेतली. बाई खोकल्या, श्वास ओढला, परत खोकल्या, आणि त्यांचं निळं पडलेलं तोंड हळूहळू माणसासारखं झालं.

“आला श्वास?” ताईने विचारलं.

“आला.”

“मग आता बोल. काय सांगत होतीस?”

बारकीचे हात उलटीने भरलेले होते. तिने फोन गालाशी आणखी घट्ट दाबला.

“ताई, ऐक. तू स्क्रीनला हात लावला न...”

फोनच्या काचेतून तिच्या गालात जाड अंगठा रुतला. कॉल तुटला.

तिने फोन खाली घेतला. गालाने फोन कट होतो. सगळ्यांचा होतो. तिने गाल चोळला. तिथे खळगा पडला होता आणि तो अजून भरत नव्हता.

तिने पुन्हा फोन लावला नाही. मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही बारा नंबरच्या खाटेखाली सरकवले, नव्या नर्सच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि बाईंच्या तक्त्याचा एक कोरा कागद फाडला. कागदाला काच नसते. ताईचं घर चालत पंधरा मिनिटांवर होतं. लिफ्टच्या बटणांची काच पेटलेली दिसली तशी ती वळली आणि जिन्याने पळत सुटली.